घर मुलांना द्यायचंय: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

वडिलांचं घर आमच्याकडे मृत्युपत्रानं आलं आणि माझा फ्लॅट मी मुलीला बक्षीसपत्रानं दिला. दोन्ही कागदांचा अनुभव असल्यामुळे माझा कल लपणार नाही, पण मृत्युपत्राच्या बाजूनंही बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

मुख्य म्हणजे ते बदलता येतं. शेवटपर्यंत मालकी आपलीच राहते, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. बक्षीसपत्र मात्र नोंदवावंच लागतं आणि एकदा दिलेलं घर मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. खर्चाची धास्ती घेऊ नये. 2015 च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना देताना मुद्रांक शुल्क 200 रुपयांवर आलं. स्थानिक अधिभार वेगळा असतो. तो चलन काढण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. भावाला किंवा पुतण्याला द्यायचं असेल तर ही सवलत नाही.

माझा निर्णय झाला तो साक्षीदारांवरून. दोन्ही कागदांवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, इथवर सारखंच. बाबांचं मृत्युपत्र नोंदवलेलं होतं, भाषाही स्वच्छ होती. तरी एका वारसानं नाव लावायला हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. नुसत्या नोंदणीनं मृत्युपत्र सिद्ध होत नाही. साक्षीदारांपैकी कुणी हयात असेल तर निदान एकाची तरी साक्ष काढावी लागते. बाबांनी साक्षीला घेतले होते ते त्यांच्याच वयाचे दोन मित्र. एक बाबांच्या आधीच गेले. दुसऱ्यांना धड ऐकू येत नव्हतं, आणि सही कुठे बसून केली, आधी कुणी केली, असे प्रश्न त्यांना उलटतपासणीत विचारले जात होते. त्या काकांचे हाल मला बघवले नाहीत.

बक्षीसपत्राला एवढा जाच नाही. नोंदवलेल्या बक्षीसपत्रावरची सही कुणी स्पष्टपणे नाकारली नाही, तर साक्षीदाराला बोलवावं लागत नाही. शिवाय देणारा समोर असतो. कुणाला शंका असली तर त्यालाच विचारावं. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, हातात आली, पुढे सोसायटीच्या भागदाखल्यावर मुलीचं नाव चढलं, तेही मी स्वतः पाहिलं.

राहतं छप्पर जाण्याची भीती रास्त आहे. म्हणून मसुद्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: हयातभर त्या घरात राहण्याचा आपला हक्क, आणि सांभाळ करण्याची अट. तयार नमुन्यांत बहुधा ‘प्रेमापोटी’ एवढंच असतं, ते पुरत नाही. सांभाळ झाला नाही तर दिलेलं घर परत मिळवण्याची वाट देणारं, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशा अटीवरच उभं आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानंही अशी अट होती हे दिसलं पाहिजे असं सांगितलं. वकिलाला शे-दोनशे शब्द जास्त लिहायला लावण्यात संकोच कसला?

मुलं दोन-तीन असतील आणि कुणाला काय द्यायचं हेच ठरलं नसेल, तर मात्र घाईनं बक्षीसपत्र करू नये, मृत्युपत्रच बरं. फक्त साक्षीदार आपल्याहून चांगले वीस वर्षांनी लहान आणि गावात सापडतील असे घ्यावेत, आणि ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीला मुळीच घेऊ नये.