केमो चालू असताना कर्क्युमिनची कॅप्सूल: लेबल वाचून दिलेला अभिप्राय

औषधाच्या दुकानात ‘इम्युनिटी’च्या फळीवर दिसणारी नेहमीची बाटली. ६० कॅप्सूल, प्रत्येकीत हळदीचा ५०० मिलिग्रॅम अर्क (९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन आणि त्याच्या जातीचे घटक) आणि ५ मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीचा अर्क. दिवसातून दोन, जेवणानंतर. ब्रँड बदलला तरी मांडणी साधारण हीच.

आधी माल बघू. कॅप्सूल उघडली तर खऱ्या ९५ टक्के अर्काची पूड गडद नारिंगी असते. हळदीचा ओळखीचा वास जवळजवळ येत नाही, कारण वासाची तेलं अर्क काढतानाच निघून जातात. पाण्यात ढवळली तरी विरघळत नाही. पूड फिकट पिवळी आणि फोडणीसारखी वासाळ निघाली, तर आत साधी हळद भरल्याची शंका घ्यावी.

‘हळदच तर आहे’ हा युक्तिवाद मात्र हिशेबात टिकत नाही. घरच्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. एका कॅप्सूलमधलं ४७५ मिलिग्रॅम मिळवायला १५-१६ ग्रॅम हळद लागेल, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. वरणातली चिमूट वेगळी, ही मात्रा वेगळी.

खरी अडचण त्या ५ मिलिग्रॅम मिरीत आहे. कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही म्हणून पिपरीन घालतात. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर माणसांमध्ये शोषण सुमारे वीसपट वाढलं होतं. पण पिपरीन यकृतातलं आणि आतड्यातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइमही मंदावतं. डोसेटॅक्सेल, विनक्रिस्टिन, इमॅटिनिब ही कर्करोगाची औषधं मोडण्याचं काम मुख्यतः त्याचंच. ते अडलं की औषध रक्तात जास्त रेंगाळतं. मग पांढऱ्या पेशी अपेक्षेपेक्षा खाली जातात, विनक्रिस्टिनवर असाल तर हातापायांच्या मुंग्या वाढतात, आणि दोष केमोच्या नावावर जातो.

अशा बाटल्यांबद्दल केला जाणारा अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे पेशींना इजेपासून वाचवण्याचा, दावाही तपासून घ्यावा. ‘पेशींचं रक्षण’ करणारी गोष्ट गाठीतली पेशी वगळून रक्षण करत नाही. २००२ मध्ये उंदरांच्या प्रयोगात आहारातल्या कर्क्युमिनमुळे सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाने आकसणारी स्तनाची गाठ तितकी आकसली नाही. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात स्तनकर्करोगाच्या ११३४ रुग्ण होत्या. केमोच्या आधी आणि दरम्यानही अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे ४० टक्के जास्त दिसला. त्या गोळ्या ए, सी, ई जीवनसत्त्वं वगैरेंच्या होत्या, हळदीच्या नव्हेत, आणि घेणाऱ्या कमी असल्याने आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम अपुरा पडला. तरी कोणी ‘काही अपाय नाही’ म्हणालं तर हे आठवावं.

शेजारच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध चालू असेल तर ग्रीन टीचा अर्क अजिबात नको. प्रयोगशाळेत त्यातले घटक औषधालाच चिकटून ते निकामी करताना दिसले आहेत. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. वाद काही असो, केमोत एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं की कारण केमो की गुळवेल हे ठरेपर्यंत केमोची पुढची फेरी लांबते.

हळदीचं एक काम मात्र मनापासून आवडलं: गुळण्या. मंगळुरूच्या २०१४ च्या अभ्यासात डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या रुग्णांत हळदीच्या गुळण्यांनी तोंडातले व्रण उशिरा आणि कमी आले. गुळणी थुंकायची असते, त्यामुळे कॅप्सूलसारखी मात्रा पोटात जात नाही.

बाटली आधीच चालू असेल तर लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून पुढच्या ओपीडीत फाइलसोबत दाखवा आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. ‘केमोच्या दिवशी नको, बाकी दिवस चालेल’ हा घरगुती नियम उपयोगाचा नाही: इमॅटिनिब रोज घ्यायचं असतं, आणि बऱ्याच औषधांनी प्लेटलेट्स खाली जातात त्या केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याची ताकद कर्क्युमिन कमी करू शकतं, म्हणून पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवायची छोटी डबी) बसवायचा असेल तर सर्जनलाही आधीच सांगा.