रक्तदाबाची गोळी: सकाळी की झोपताना?

झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवा. तो उतरत नसेल तर गोळी रात्री घ्यावी, हा विचार सरळ वाटतो. पण ब्रिटनमधल्या 'टाइम' चाचणीत (2022) 21 हजारांहून जास्त रुग्णांना सकाळी किंवा रात्री गोळ्या दिल्या, आणि हृदयविकार, पक्षाघात व मृत्यूंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कारण फारसं गूढ नाही: अ‍ॅम्लोडिपिनसारखं औषध रक्तात इतकं टिकतं की घेण्याच्या वेळेने विशेष बिघडत नाही.

सकाळची गोळी बहुतेकांना लक्षात राहते. लघवी वाढवणारी औषधं (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड) तर सकाळीच बरी. रात्री घेतली की झोपमोड, अंधारात उठणं, आणि उतारवयात पडण्याचा धोका.

झोपतानाची वेळ कधी विचारात घ्यावी? 24 तासांच्या मोजणीत रात्रीची सरासरी 120/70 किंवा त्याहून जास्त आली तर. एका रात्री यंत्रावर दिसलेल्या आकड्यावरून मात्र नाही. काचबिंदू असेल तर विशेष जपून, कारण रात्री दाब फार उतरला की डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा घटतो. शिवाय घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मूत्रपिंडाचा आजार हे आधी तपासावं; ते तसंच राहिलं तर नुसती वेळ बदलून फार काही साधत नाही.

वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. वेळ बदलण्याच्या दिवशी दुहेरी डोस नको.