घरी बनवलेले इलॅस्टिक टो टाय : अख्खा सीझन वापरल्यावर

विकतचे टो टाय, म्हणजे पायाच्या पॅडचं टोक स्केटच्या टोकाशी बांधणाऱ्या दोऱ्या, यापुढे आमच्या घरात येणार नाहीत. मी कॅनडात, मिसिसॉगात महिलांच्या आइस हॉकी लीगमध्ये गोली म्हणजे गोलरक्षक आहे, लेकही गोली आहे, म्हणजे पॅडचे दोन जोड, स्केट्सचे दोन जोड आणि जे तुटेल त्याचा खर्च दुप्पट. आधीच्या सीझनला घेतलेला तयार इलॅस्टिकचा सेट चाळीस डॉलरच्या घरात होता, वर १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. सीझन संपायच्या आत उजव्या पायाचा तुटला, तोही सामन्याच्या तिसऱ्या, शेवटच्या पिरियडमध्ये. मास्क निघाला तर रेफरी शिट्टी मारतो. टो टाय तुटला तर खेळ चालूच राहतो. मी खाली बसले तेव्हा पॅड बुटावरून सरकला, अर्धवट फिरला आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्या फटीतून आत गेला. दुकानात पावती घेऊन गेले तर उत्तर मिळालं की ही वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. मॅनेजरपर्यंत गेले, तिथेही तेच. दुसरा सेट घ्यायचा तर दहा टक्के सूट देतो म्हणाले. त्याचा मला आजही राग आहे.

तुटलेला तुकडा मी टाकला नाही. घरी येऊन कात्रीने उभा चिरला. आत पांढऱ्या रबराच्या बारीक तारांचा जुडगा, वर विणलेलं कापडी कवच. मधलं रबर ठणठणीत होतं, ताणलं की चटकन जागेवर येत होतं. तुटलं होतं ते टोकाला, जिथे धातूची कडी दाबून बसवली होती तिथे. कडीच्या धारेने आधी कवच कातरलं आणि मग आतल्या तारा एकेक करून गेल्या. म्हणजे ज्याचे पैसे मोजले ते रबर चांगलंच होतं, आणि सगळं वाया गेलं ते एका क्षुल्लक कडीमुळे. तेव्हापासून माझं लक्ष टोकांवरच आहे.

सामान साधं आहे. बोटी आणि कयाकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात शॉक कॉर्ड, म्हणजे अशीच कापडी कवचाची रबरी दोरी, मीटरवर मिळते. मला मीटरला दोन डॉलरच्या आत मिळाली. कवच पॉलिएस्टरचं घ्या. नायलॉन पाणी धरतं आणि ओलं झालं की लांबतं, आणि आपले पॅड तर दर सामन्याला बर्फाच्या पाण्यात भिजतात. दुकानातच एक वीत कॉर्ड धरून ताणून बघायची. जवळजवळ दोन विती झाली आणि सोडताक्षणी मूळ मापावर आली तर घ्यायची. ताडपत्री बांधायला जे स्वस्त हुकवाले बंजी मिळतात ते मी वापरून पाहिले. त्यांचं कवच थोड्याच दिवसांत ढिलं पडून सुरकुततं.

बांधणी अशी : एक टोक पॅडच्या टो ब्रिजला, म्हणजे पॅडच्या पुढच्या टोकावरच्या पट्टीला, कायमचं पक्कं. तिथून कॉर्ड बुटाच्या बाजूने खाली, होल्डरच्या (बुटाखाली पातं धरणाऱ्या भागाच्या) पुढच्या खांबामागून पलीकडे, मग दुसऱ्या बाजूने वर येऊन छोट्या प्लास्टिकच्या हुकात. हुक धातूचा नको. पायाला अर्धा मीटर कापते आणि गाठी झाल्यावर उरलेलं छाटते.

आता गाठ. शॉक कॉर्ड ताणली की बारीक होते, आणि बारीक झाली की गाठीची पकड सुटते. सैल असताना कितीही करकचून बांधा, पहिल्या दहा-बारा बटरफ्लायमध्ये, म्हणजे गुडघे टेकून पक अडवताना, गाठ सरकते. म्हणून कॉर्ड ताणलेली असतानाच गाठ आवळायची. मी एक टोक दाराच्या कडीला अडकवते, डाव्या हाताने खेचून धरते आणि उजव्या हाताने गाठ बसवते. सुरगाठ इथे चालतच नाही, साधी निरगाठ एकटी पुरत नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते ती गाठ घालायची. तिच्या पुढे बोटभर शेपूट ठेवायचं. शेपटाचं टोक लायटरने वितळवायचं, पण फक्त कवच. रबराला ज्योत लागली की ते चिकट होतं आणि पुढे तिथूनच तडकतं. त्यानंतर शेपूट आणि मुख्य कॉर्ड शेजारी-शेजारी धरून त्यावर मेण लावलेला डेंटल फ्लॉस गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटवून, चांगला सेंटिमीटरभर. फ्लॉसचं शेवटचं टोक जाड सुईने वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. मेणामुळे वेढे एकमेकांना धरतात आणि पाणी आत शिरत नाही. लेकीने पहिल्या दिवशी विचारलं, "आई, माझ्या पॅडला टूथपेस्टचा वास का येतोय?" पुदिन्याचा होता. बिनवासाचाही मिळतो.

एवढं टोकांबद्दल लिहिलं कारण दुकानातल्या प्रत्येक सेटमध्ये मी आता तीच जागा बघते, आणि बहुतेकांत तीच दाबलेली कडी दिसते. रबर, रंग, पाकीट, सगळ्यावर खर्च केलेला असतो, आणि जिथे खरा ताण येतो तिथे सगळ्यात स्वस्त काम. एवढ्याशा वस्तूला चाळीस डॉलर घेणाऱ्याने तिथे चार टाके तरी घालायला हवेत.

जाडीबद्दल माझं मत सीझनच्या मध्यावर बदललं. सुरुवातीला ८ मिलिमीटरची कॉर्ड लावली होती. उठताना पॅड खटकन बुटासमोर परत यायचा आणि ते फार आवडायचं. डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना तीच सुचवत होते. मग उजव्या खुब्यात ओढ जाणवायला लागली. सराव संपल्यावर घरचा जिना चढताना दुखायचं. एका संध्याकाळी पॅड घालून हॉलमधल्या गालिच्यावर खाली बसले आणि लेकीला पायाचा फोन व्हिडिओ घ्यायला लावला. तो हळू करून बघितल्यावर सगळं दिसलं : पॅड पूर्ण फिरायच्या आधीच जाड कॉर्ड बुटाचं टोक आपल्याकडे खेचत होती आणि ती ओढ गुडघ्यातून वर खुब्यापर्यंत जात होती.

खडकीला शाळेत मी मैदानी हॉकीतही गोलीच होते. तिथे पॅड पायाला घट्ट बसला की काम झालं. इथे तो पायाभोवती फिरायलाच हवा. १९८६ मध्ये गोली पॅट्रिक रॉयने मॉन्ट्रियलकडून स्टॅनली कप जिंकला आणि त्यानंतर बटरफ्लाय घराघरात गेला. त्या शैलीत गुडघे आत टेकतात, बूट बाहेर वळतो आणि पॅडचा दर्शनी भाग पकच्या समोर येतो. म्हणजे बुटाचं टोक आणि पॅडचं टोक एकमेकांपासून लांब जायलाच लागतं. साध्या लेसने बांधणारे त्यासाठी ढील ठेवतात. इलॅस्टिकचं काम त्या ढिलीची जागा घेण्याचं नाही, उठल्यावर ती ढील गोळा करण्याचं आहे. हे कळल्यावर मी ६ मिलिमीटरवर आले आणि उभं असताना कॉर्ड अजिबात ताणलेली नसेल अशी लांबी ठेवली. बूट आणि टो ब्रिज यांच्यात तीन-चार बोटं सहज मावतात. पॅड आता तितका खटकन येत नाही, पण वेळेवर येतो, आणि खुबा गप्प आहे. लेकीचं वजन कमी, तिला ५ मिलिमीटर पुरते.

थंडीचा त्रास आहे, पण मानला तेवढा नाही. बॅग रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली आणि बाहेर उणे वीस असलं, तर वॉर्मअपमध्ये रबर ताठ वाटतं. पहिला पिरियड निम्मा होईतो ठीक होतं. उष्णता जास्त वाईट. ओले पॅड हीटरच्या झडपेसमोर उभे करू नका. रबर उष्णतेने आणि उन्हाने म्हातारं होतं आणि कवचामुळे ते बाहेरून दिसत नाही.

ते ओळखण्यासाठी कॉर्ड नवी असताना पेनाने दोन खुणा करून ठेवते. खुणांमधलं अंतर न ताणता वाढलेलं दिसलं की आतल्या काही तारा गेल्या, बदलायची वेळ झाली. माझी उजव्या पायाची कॉर्ड एकदाच बदलावी लागली, डावी अजून तीच आहे. डावीकडून उजवीकडे ढकलताना माझा उजवा पाय जास्त घासतो, म्हणून तसं होत असावं.

एका गोष्टीत मात्र विकतचा आणि घरचा दोन्ही सारखेच : दुसऱ्या पायाचं पातं लागलं तर कॉर्ड सपकन कापली जाते. फेब्रुवारीत लेकीच्या बाबतीत तेच झालं, गोलासमोरच्या गर्दीत. पण आम्ही इलॅस्टिकच्या सोबत एक जुनी स्केटची लेस भरपूर सैल बांधून ठेवतो. इलॅस्टिक शाबूत असताना तिच्यावर काहीच भार येत नाही. तुटलं की ती पॅडला धरून ठेवते. लेकीचा पॅड थोडा लोंबला, पण फिरला नाही, आणि सामना तिने पूर्ण केला. तिच्या कोचनी आधी या लेसला हरकत घेतली होती, पाय अडकेल म्हणून. त्या सामन्यानंतर त्यांनी संघातल्या दुसऱ्या गोलीच्या वडिलांना माझ्याकडे पाठवलं.

दोघींचा मिळून खर्च, हुक आणि फ्लॉस धरून, विकतच्या एका सेटच्या निम्म्याहूनही कमी झाला, आणि कॉर्ड अजून शिल्लक आहे. वेळ म्हणाल तर पहिल्या जोडीला अख्खी दुपार गेली. आता जेवण झाल्यावर बसले की टीव्ही बघताबघता होते.

कोणी करू नये तेही सांगते. पॅडलाच कंपनीचं शिवलेलं इलॅस्टिक असेल आणि ते चालत असेल, तर उगाच उसवू नका. मूल अजून बटरफ्लायला पूर्ण खाली बसत नसेल, तर साधी लेस पुरेशी आहे. आणि स्केट्सच्या होल्डरच्या खांबाची मागची कड हाताला टोकदार लागत असेल, तर कॉर्ड लावायच्या आधी बारीक सँडपेपरने ती गोल करून घ्या. लेकीच्या नव्या स्केट्सचं ते काम मी या आठवड्यात करणार आहे.