एसपीएस-३० धूळ सेन्सर: पीएम २.५ साठी घ्या, पीएम १० साठी नको

सेन्सिरियनचा हा सेन्सर ४१ बाय ४१ मिमीचा, जाडी १२ मिमी. आतला पंखा हवा ओढतो आणि लेझरच्या झोतात कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून ते मोजले जातात. घरावर बसवून चोवीस तास पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, नोंदवायला तो उत्तम. घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत कंपनी ५ मायक्रोग्रॅम अधिक मोजलेल्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे एवढी अचूकता सांगते.

पीएम १० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. तो मोजलेला नसतो, बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. गोव्याच्या मुरगाव बंदरातली कोळशाची भुकटी किंवा डिचोली-सांग्याकडे खनिजाच्या ट्रकांमागे उठणारी तांबडी धूळ बरीचशी जाड कणांची. ती याला नीट दिसतच नाही. अंगणातल्या तुळशीवर थर बसतो आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलत नाही. तोच आकडा पुढे करून बंदराला लागून असलेल्या वास्कोतल्या माणसाची तक्रार खोटी ठरवणं हा अन्याय आहे. पीएम १० ची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम. ती ओलांडली का, हे ठरवायला बीटा किरणांच्या यंत्रासारखं प्रमाणित साधन हवं. हे यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा फिल्टरच्या पट्टीवर ओढून साचलेलं वस्तुमान मोजतं.

पावसाळ्यात उलटी गत. आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की समुद्री मिठाचे कण पाणी शोषून फुगतात आणि स्वच्छ हवेतही पीएम २.५ चढतं. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावा, ८५ टक्क्यांवरच्या नोंदी सरासरीत धरू नका.

जोडणी सोपी. वीज ५ व्होल्ट. सेन्सरचे आकडे बोर्डाकडे न्यायच्या दोन पद्धती आहेत, आय-टू-सी आणि यूएआरटी. आय-टू-सी हवं तर चौथी पिन आधी ग्राउंडला जोडा, मगच वीज द्या; वायर १० सेंमीच्या आत. लांब न्यायची असेल तर ती पिन मोकळी सोडून यूएआरटी वापरा. सुरू झाल्यावरची पहिली ३० सेकंदं सोडून द्या.

एक गोष्ट हमखास निसटते. दर १६८ तासांनी पंखा १० सेकंद जोरात फिरून स्वतःला साफ करतो, पण वीज गेली की हे घड्याळ शून्यावर येतं. आपल्याकडे पावसात आठवडाभर सलग वीज मिळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे सफाई होतच नाही. बोर्डाच्या प्रोग्राममध्ये वीज आल्यावर सफाईची आज्ञा घाला.

बसवताना छपराखाली, जमिनीपासून दोनेक मीटरवर, रांदचे कुडीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, धुरापासून लांब. पेटीत आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा मिसळू देऊ नका. मध्ये फोमची पट्टी पुरते.