डिमेबल स्पॉटलाइट: जीयू१० घ्यावा की एमआर१६?

दोन्ही बल्बांचं तोंड ५० मिलिमीटरचं, त्यामुळे समोरून फरक कळत नाही. मागे बघा. जीयू१०च्या जाड खुंट्या १० मिलिमीटर अंतरावर असतात आणि तो फिरवून अडकवायचा. एमआर१६च्या बारीक पिना ५.३ मिलिमीटरवर, नुसता दाबून बसवायचा.

खरा फरक विजेचा. जीयू१० थेट घरच्या लाइनवर चालतो, एमआर१६ला १२ व्होल्ट लागतात, म्हणजे छतात ट्रान्सफॉर्मर आलाच. डिमिंगची, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याची, गोची इथेच होते. हॅलोजनच्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला बऱ्याचदा किमान २० वॉट भार लागतो, आणि ५ वॉटचा एकटा एलईडी तो देत नाही. मग बल्ब लुकलुकतो किंवा पेटतच नाही, आणि दोष बिचाऱ्या बल्बला! डिमर, ट्रान्सफॉर्मर, बल्ब अशा तिघांचं जमायला हवं. जीयू१०मध्ये दोघांचंच जमवायचं असतं. ट्रेलिंग एज डिमर (विजेच्या प्रत्येक लहरीचा शेवटचा भाग कापून उजेड कमी करणारा) असेल तर सहसा कुरकुर होत नाही. मात्र डिमरचा किमान भार इथेही तपासाच.

नवीन वायरिंग असेल तर मी डोळे झाकून जीयू१० सांगेन. छतात १२ व्होल्टची जोडणी आधीच असेल तर एमआर१६ ठेवा, फक्त ट्रान्सफॉर्मर बदलून डिम होणारा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा डबा, लावा.

रंग आणि झोताचा कोन दोन्हींत सारखेच मिळतात: बसायच्या खोलीला २७०० केल्विन (उबदार पिवळसर उजेड), भिंतीवरच्या चित्रावर २४ अंश, एरवी ३६. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो बल्ब डिमरवर लावू नका.