ड्रॉबारवरचा सायकल स्टँड: कोकणच्या रस्त्याला पुरतो, कोकणच्या हवेला नाही

छोटा ट्रेलर घेऊन गुहागर-वेळणेश्वरकडे निघणाऱ्यांच्या सायकली बहुधा ट्रेलरच्या मागे लटकलेल्या दिसतात. मागची जागा मोकळी असते आणि सायकल चढवायलाही सोपी, म्हणून. इथे ज्या स्टँडची परीक्षा केली आहे तो मात्र पुढे, ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्यावर, म्हणजे ड्रॉबारवर बसतो. ॲल्युमिनियमचे दोन चॅनेल, मधे पोलादी उभा सांगाडा, फ्रेम धरणारे दोन हात आणि खाली चार यू-बोल्ट. वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आराखडा साधारण हाच.

जागा पुढची का, ते आकड्यांत बघू. भरलेला ट्रेलर 750 किलो, बॉलपासून (गाडीच्या मागचा, ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा) ॲक्सलपर्यंत 3 मीटर आणि बॉलवर 60 किलो भार, असं धरा. स्टँड 14 किलो आणि 15-15 किलोच्या दोन सायकली मिळून 44 किलो. हे ओझं ॲक्सलच्या 2.1 मीटर पुढे बसलं, तर बॉलवर साधारण 31 किलो वाढतात, म्हणजे 91. तेच ओझं ॲक्सलच्या 2.1 मीटर मागे टांगलं, तर 31 किलो उतरतात आणि उरतात 29. बॉलवर भार इतका कमी झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. घाटाच्या उतारावर, किंवा मुंबई-गोवा महामार्गावर शेजारून बस सुसाट गेली की हे डोलणं सुरू होतं, आणि एकदा वाढलं की स्टिअरिंगने आवरत नाही. शिवाय मागचं टोक प्रत्येक गतिरोधकावर उसळतं. छोट्या ट्रेलरचा मागचा पाइप बहुधा पातळ आणि नुसता वेल्ड केलेला असतो, त्यामुळे तडा आधी वेल्डच्या कडेला जातो. कारच्या हिचसाठी, म्हणजे मागच्या जोडणीसाठी बनवलेले बरेच स्टँड ट्रेलरला लावू नका, असं कंपन्या सूचनापत्रकात लिहितात, ते याच उसळीमुळे.

अर्थात पुढे लावलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. टो-बारच्या, म्हणजे बॉल ज्यावर बसतो त्या गाडीच्या दांड्याच्या पट्टीवर उभ्या भाराची मर्यादा लिहिलेली असते. ती 75 किलो असेल, तर 91 चालणार नाही. उपाय सामान सरकवण्याचा: पुढच्या बाकाखालचा 25 लिटरचा पाण्याचा कॅन 2 मीटर मागे, ॲक्सलच्या जरा पलीकडे नेला, की बॉलवरचे जवळपास 17 किलो कमी होतात आणि आकडा 74 वर येतो. अगदी मागच्या टोकाला मात्र नेऊ नका. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांखाली दगड लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) गाडीला जोडल्यावर जितका उंच असतो तितक्याच उंचीवर ठोकळ्यावर टेकवा. मोजताना जॉकी व्हील, म्हणजे ड्रॉबारखालचं छोटं टेकूचं चाक, जमिनीपासून सुटलेलं हवं, नाहीतर आकडा खोटा येतो.

बसवायला दोन माणसं आणि तासाभराचं काम. ड्रॉबारला भोक पाडायचं नाही. भोकाने तो कमजोर होतो आणि गंज आत शिरतो. यू-बोल्टखाली रबराची पट्टी द्या. एम-8 बोल्ट 8.8 ग्रेडचे असतील, तर साधारण 25 न्यूटन-मीटरवर आवळा, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) घ्या आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर पाना पुन्हा फिरवा, कारण रबर दबलं की बोल्ट ढिला पडतो. हँडब्रेकचा दांडा पूर्ण वर येतो का, जॉकी व्हीलची मूठ फिरते का आणि सेफ्टी चेन कुठे अडकते का, हे चढवण्याआधीच बघा. या स्टँडचा खालचा आडवा पाइप काही ट्रेलरांवर नेमका हँडब्रेकच्या वाटेत येतो. तसं असेल तर स्टँड मागे सरकवा, आणि जागाच नसेल तर घेऊ नका.

खरी कसोटी वळणावर आणि जेट्टीवर लागते. मोकळ्या मैदानात गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून सायकलीचं हँडल आणि गाडीची मागची काच यांत किमान वीतभर अंतर राहतं ना, ते बघा. त्यानंतर उताराचा विचार. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला इथल्या फेरीबोटीवर चढताना गाडी सपाट डेकवर पोचलेली असते आणि ट्रेलर अजून रॅम्पच्या उतारावर असतो. त्या क्षणी ट्रेलरचा वरचा भाग पुढे झुकतो आणि हँडल काचेकडे सरकतं. रुंद हँडलची एमटीबी (माउंटन बाइक) असेल, तर स्टेमचा, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचा बोल्ट सैल करून हँडल फ्रेमला समांतर वळवणं सर्वांत सोपं. उतरवल्यावर तो आठवणीने घट्ट करा. मागे टांगलेल्या स्टँडला इथे वेगळंच दुखणं: रॅम्पच्या तळाशी तो चक्क जमिनीला घासतो.

सायकली उलटसुलट तोंडाने ठेवायच्या. तरीही एकीचं पेडल दुसरीच्या आऱ्यांत घुसतंच. आतल्या बाजूचं पेडल 15 मिमीच्या पान्याने काढा. डावं पेडल उलट आट्याचं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. प्रत्येक चाकाला बकलचा पट्टा आणि पुढचं चाक फ्रेमला बांधायला आणखी एक. रबरी हुकदोरीवर विसंबू नये. ती ताणते, पण धरत नाही. रॅचेटचा पट्टा रिमवर करकचून आवळला तर रिमच वाकते. कार्बन फ्रेमला या स्टँडचा हात लावूच नका.

हाताच्या जबड्यातलं रबर मऊ आहे, पकड चांगली. पण जांभ्याची लाल धूळ त्यात बसली की रबराचा पॉलिश पेपर होतो. तिथे मऊ कापडाची गुंडाळी द्या आणि मुक्कामी ती झटका, नाहीतर फ्रेमचा रंग वळ्यासारखा उतरतो.

नापास होतो तो हवेत. सांगाड्याला नुसतं पावडर कोटिंग आहे. गाडीच्या मागच्या चाकांनी उडालेली खडी बरोबर त्यावरच बसते, रंगाचा टवका उडतो आणि खाऱ्या हवेत टवक्याखालून गंज पसरत जातो. ॲल्युमिनियम चॅनेलला स्टेनलेसचे बोल्ट आहेत. खार आणि ओल मिळाली की सांध्याशी पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतात. नवा असतानाच बोल्ट काढून अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा आणि मधे नायलॉनचे वॉशर घाला. कायम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सांगाडा गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज करून घ्यावा. एवढं कंपनीनेच करायला हवं होतं.

चाकांनी उडालेला चिखल चेनवरही येतो. म्हणून कोणी पूर्ण कव्हर घालतं, पण कव्हर वाऱ्यात शिडासारखं फुगून पट्टे सैल करतं. सीट आणि गिअरपुरती पिशवी बांधा, पोचल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण बेअरिंगवर प्रेशरचा फवारा नको.

दोन साध्या सायकलींसाठी हा स्टँड घेण्यासारखा आहे. 25 किलोच्या दोन ई-सायकली न्यायच्या असतील, तर बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तरी स्टँडसकट आकडा 55 ते 60 किलोच्या घरात राहतो आणि बॉलचा हिशोब बसत नाही. तिथे एकच सायकल चढवा, तीही ट्रेलरकडच्या चॅनेलवर.