स्कार्लेट टूआयटू फोर्थ जेन: ऑटो गेन मस्त आहे, पण आधी तिहाई वाजवून घ्या

घरी भजनं, हार्मोनियम-तबला, अभिवाचन असलं काही रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी लिहितेय. फोकसराइटचं स्कार्लेट टूआयटू, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा छोटा बॉक्स (ऑडिओ इंटरफेस), २०२३ मध्ये आलेली चौथी जनरेशन. आवाजाच्या क्वालिटीवर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, आवाज स्वच्छच आहे, त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते गेनबद्दल, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना मशीन तो किती वाढवतं त्याबद्दल, कारण आपल्याकडची घरगुती रेकॉर्डिंगं फुटतात ती बऱ्याचदा माइक स्वस्तातला म्हणून नाही, लेव्हल चढी ठेवलेली असते म्हणून.

यात ऑटो नावाचं बटण आहे, ते दाबलं की मशीन १० सेकंद ऐकतं आणि गेन स्वतःच लावून टाकतं. पॉडकास्ट, अभिवाचन वगैरेसाठी हे एकदम झकास, कारण माणूस त्या १० सेकंदांत जसा बोलतो साधारण तसाच पुढे तासभर बोलतो. गाण्याचं तसं नाही ना. गायिका मंद्रात आलाप सुरू करते, मशीनला वाटतं आवाज बारीक आहे, ते गेन वाढवून ठेवतं, आणि मग ती तार सप्तकात पोचली की मीटर पार वर चिकटतं. तबल्याचं तर विचारूच नका, ठेका शांत चाललेला असतो आणि तिहाई घेऊन समेवर आलं की चाटीवरचा तो एक आघात बाकी सगळ्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून बटण दाबायच्या आधी तबलजींना सांगा, ठेका नको, शेवटची तिहाई वाजवा, जेवढ्या जोरात मैफलीत वाजवाल तेवढ्या जोरात. गाणाऱ्यालाही वरची जागाच गायला सांगा. आणि मशीनने लावलेला गेन वाटलं तर हाताने अजून थोडा खाली घ्या, चालतं.

किती खाली? सॉफ्टवेअरच्या मीटरवर सगळ्यात मोठा आघात उणे १२ डीबीच्या आसपास यावा, बाकीचं गाणं उणे १८ ला घुटमळत राहिलं तरी काही बिघडत नाही. वेव्हफॉर्म बारीक दिसते म्हणून घाबरतात लोक. जुन्या टेपच्या काळात लेव्हल वर ठेवायला कारण होतं, खाली ठेवली तर टेपचा हिस वर यायचा आणि वर गेली तरी टेप हळूहळू दबत जायची, कानाला ते बरंही लागायचं. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत, त्याच्यावर काहीच नाही, लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि नंतर फेडर कितीही खाली ओढा, ते कापलेलं जसंच्या तसं परत येत नाही. उलट २४ बिटला (रेकॉर्डिंगची बारकाई ठरवणारं सेटिंग) खाली जागाच जागा आहे, कंपनी या मॉडेलची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, १२० डीबी सांगते. आपल्या फ्लॅटमधला पंखा आणि खालची रिक्षा त्या मशीनच्या नॉइजपेक्षा कितीतरी मोठी असते, तेव्हा आधी पंखा बंद करा. आणि सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडलंय ना तेही बघून घ्या.

दुसरं बटण सेफ, म्हणजे क्लिप सेफ. सिग्नल फुटायला आला की हे गेन आपोआप कमी करतं. मी ते चालू ठेवते, पण त्याच्या भरवशावर लेव्हल चढी ठेवू नका, कारण गाण्याच्या मध्येच गेन खाली आला की मागचा तानपुराही त्याच्याबरोबर खाली येतो आणि सलग वाजणाऱ्या तानपुऱ्यात असला बदल लगेच कानाला कळतो. ढोलकी असेल तर हे जरूर चालू ठेवा, तिची थाप कधी उसळेल याचा नेम नाही.

गेन ६९ डीबीपर्यंत मिळतो, आधीच्या जनरेशनला ५६ होता. शुअर एसएम७बी सारखा सुस्त, म्हणजे बारीक सिग्नल देणारा डायनॅमिक माइक असेल तर हा फरक खरंच मोठा आहे, मध्ये वेगळा बूस्टर लावायची गरज बहुतेक पडत नाही. कंडेन्सर माइक (हा जास्त संवेदनशील असतो) तबल्याजवळ असेल तर उलट गेन अगदी तळाशी लागतो. तिथेही लाल दिसत असेल तर माइक वीतभर मागे घ्या. नॉबभोवतीची रिंग लांबूनही दिसते, हिरवी ठीक, केशरी आली की सावध, लाल आली तर तो टेक परत घ्या.

न आवडलेली गोष्ट म्हणजे माइकची सॉकेटं मागे गेलीत, टेबल भिंतीला लावलेलं असेल तर दर वेळी बॉक्स फिरवावा लागतो.

सोलो (याच मालिकेतलं छोटं मॉडेल) घेऊ का टूआयटू असं विचारणाऱ्यांना, सोलोमध्ये ऑटो आणि सेफ दोन्ही नाहीत आणि माइक एकच लावता येतो. एकटेच गात किंवा बोलत असाल आणि गेन हाताने लावायची सवय असेल तर सोलो पुरे. तबला साथीला असेल तर सरळ टूआयटूच घ्या.